माणिकरावांचे दहा सेंटिमीटर

माणिकराव, तुम्ही गेलात त्याच्या अकराव्या दिवशी आपल्या संस्थेत तुमच्यासाठी सभा झाली. वीसेक माणसं होती. तुम्हाला ओळखणारी निम्मी, बाकीची वरून निरोप आला म्हणून आलेली. तुमचा श्रीकांत पहिल्या रांगेत बसला होता. त्याची आई, मालतीकाकू, आल्या नव्हत्या.

सगळ्यात चांगलं बोलला तो किरण. आमच्याकडचा नवा शास्त्रज्ञ, तेलुगू मुलगा, तुम्हाला कधी भेटलेला नाही. पण त्याने जुने अहवाल काढून वाचले होते. या माणसाने हजारो किलोमीटर जमिनीची उंची पायी चालून मोजली, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि लोकांनी माना हलवल्या. मग त्याच भल्या आवाजात पुढे म्हणाला, "शेवटी त्यांची एक फाट्याची लाइन दहा सेंटिमीटरने चुकली आणि परतीचं लेव्हलिंग संशयास्पद ठरलं, पण त्याने त्यांचं काम लहान होत नाही."

श्रीकांतने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहिलं.

ते दहा सेंटिमीटर तुमचे नव्हते, माणिकराव. माझे होते. आणि हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. नारायणगुड्यातल्या तुमच्या घरी या सहा वर्षांत मी किती वेळा जेवले ते मोजलेलं नाही. प्रत्येक वेळी हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणणंही खोटंच, मी सांगितलं नाही. आता लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे, कारण आपली सगळी भांडणं मराठीत झाली.

मी संस्थेत आले तेव्हा तुमची वीस-पंचवीस वर्षं झालेली होती. माझं पद तुमच्यापेक्षा एक पायरी वरचं, कारण मी एम.एस्सी. आणि तुम्ही डिप्लोमा. पहिल्या दिवशी तुम्ही उभे राहून "या मॅडम" म्हणालात आणि मला कळेना की हा मान आहे की चेष्टा. दोन्ही होतं, हे पुढे कळलं. तुमचं घर पैमाइशवाल्यांचं. आजोबा निजामाच्या मोजणी खात्यात, वडील त्यानंतरच्या सरकारच्या. घरात उर्दू कागदांची ट्रंक. माझे वडील उदगीरकडची शेती भावाच्या हवाली करून मलकपेठच्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीवर नोकरीला लागलेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तारनाक्याच्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले त्या दिवशी वडिलांनी आडतीवरच्या सगळ्यांना पेढे वाटले होते, हमालांपासून सुरुवात करून. मी तुम्हाला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं. विचारलं नव्हतंत, तरी सांगितलं. मी ते सगळ्यांनाच सांगायची.

तुम्ही म्हणालात, "हौ, छान. आता उन्हात उभं राहायला शिका."

आणि शिकवलंत. मला फील्डवर पाठवायला साहेबांची तयारी नव्हती. बाईमाणूस, राहायचं कुठे, जायचं कुठे. तुम्ही म्हणालात, "माझ्याबरोबर येतील. गावात शाळामास्तरणीचं घर असतंच." आणि खरोखर प्रत्येक गावात कुणी तरी मास्तरीण निघाली. काकूंनी दुधातल्या दशम्या आणि गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी बांधून दिली, तीही माझ्यासाठी वेगळी पिशवी करून. तुमच्या पिशवीतलं पोशट्टी संपवतो म्हणून.

पोशट्टी आपला स्टाफवाला. दुसऱ्या कुणी हे वाचलं तर म्हणून सांगते, स्टाफ म्हणजे खुणा आखलेली उंच पट्टी. मध्ये दुर्बीण, मागे एक पट्टी, पुढे एक पट्टी. मागची वाचायची, पुढची वाचायची, वजाबाकी म्हणजे तेवढ्या टप्प्यातला चढ किंवा उतार. मग सगळं उचलून साठ-सत्तर पावलं पुढे. अशी समुद्रकाठापासून पायी पायी चालत आणलेली उंची म्हणजे लेव्हलिंग. दुर्बिणीला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर छत्री धरायची. माणसाच्या डोक्यावर कुणी धरत नसे. सकाळी दहापर्यंत काम, मग जमिनीवरची हवा थरथरायला लागली की चार वाजेपर्यंत झाडाखाली.

त्या झाडाखालीच तुम्ही मला तुमचा नियम सांगितलात. जाण्याचं लेव्हलिंग एकाने करायचं, परतीचं दुसऱ्याने. आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याला कळता कामा नये. दोघं एका तंबूत राहतील, एका भांड्यातलं जेवतील, बायकापोरांचं बोलतील, पण आकडा बोलणार नाहीत. सगळं संपल्यावर दोन्ही फील्डबुकं शेजारी शेजारी उघडायची. फरक ठरलेल्या मर्यादेत असला तर लाइन मिटली. नसला तर सगळी लाइन पुन्हा पायी.

"आणि समजा एकाने दुसऱ्याला सांगितलाच आकडा, तर?" मी विचारलं होतं.

"तर तो माणूस लेव्हलिंगवाला नाही. बाकी चांगला असेल."

तुमच्या तर हाडात शिरलं होतं ते. दुसरा कुणी काहीही मोजत असला, साधी खोलीची लांबी का असेना, की तुम्ही तोंड फिरवायचात. दुकानात वाणी तोलायला लागला तरी. पोशट्टी मला म्हणायचा, "सारू शादी में भी ऐसाच मूँ फेर को बैठे रहिंगे, अम्मा." सारू म्हणजे सर, तुम्ही. आणि तेही तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग खोकी आली. आधीच्या काळात परदेशी यंत्र म्हटलं की परवाने, कस्टम, वर्ष वर्ष वाट. आता दारं उघडली होती, साहेबांच्या भाषेत जमाना बदलला होता. उपग्रहांचे इशारे टिपणारे रिसीव्हर काही महिन्यांत आपल्या जिन्याखाली येऊन पडले. लाकडी पेट्या, आत पांढरा फेस. सगळी संस्था बघायला जमली. तुम्ही पेटीवर टिचकी मारून बघितलीत आणि म्हणालात, "लाकूड चांगलं आहे."

फाटकाजवळच्या बेंचमार्कवर आम्ही पहिली अँटेना लावली. त्या खुणेची उंची तुम्ही स्वतः आणलेली होती. संगणकाने रात्रभर हिशेब केला आणि सकाळी जो आकडा दिला तो तुमच्यापेक्षा पाऊणशे मीटरने कमी. तुम्ही त्या कागदाकडे बराच वेळ बघत होतात.

"मॅडम, तुमच्या उपग्रहाने हैदराबाद पाऊणशे मीटर खाली घातलं. तुम्ही मलकपेठहून पोहत आलात की होडीने?"

"चूक नाही ती. तो समुद्रापासून मोजतच नाही. पृथ्वीचा एक गुळगुळीत आकार मानलेला असतो, अंड्यासारखा, त्याच्यापासून मोजतो."

"आमच्या घरात अंडं चालत नाही."

मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. समुद्र गुळगुळीत नसतो. आपल्या दक्षिणेला समुद्राखाली पृथ्वीची ओढ कमी आहे, म्हणून तिथलं पाणीच त्या अंड्याच्या शंभरेक मीटर खाली बसलंय, आणि त्या खळग्याचा उतार आपल्या पायाखालपर्यंत येतो. तुमची उंची त्या बसलेल्या पाण्यापासूनची, माझी अंड्यापासूनची. तुम्ही सगळं नीट ऐकलंत. मग विचारलंत, "पाणी कुणाचं ऐकतं? तुमच्या अंड्याचं की ओढीचं?"

"ओढीचं."

"मग उंची माझ्याकडे आहे. तुमच्याकडे आहे ते नुसतं अंतर. तुमच्या आकड्यावर कालवा खणला तर पाणी चढावर जाईल."

हे भांडण आपण पुढे दहा वर्षं भांडलो. तुमचं खरं होतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. पण माझंही खोटं नव्हतं. तुम्ही महिनाभर चालून एक लाइन आणायचात, ती पण ऊन, वारा, पट्टीचं वाकणं सांभाळून. मी एका दिवसात दोनशे किलोमीटरवरच्या दोन खुणा जोडत होते, मधे डोंगर असो की नदी, एकमेकींना त्या दिसोत न दिसोत. दोन वर्षं फाटकाजवळची खूण मोजली आणि तिने चालायला सुरुवात केलेली दिसली. आम्ही शिकलो होतो ते असं, की हा सगळा भूखंड उत्तर-पूर्वेला हिमालयाकडे सरकतोय, पण ते खडक वाचून, लाखो-कोट्यवधी वर्षांचा अंदाज बांधून. आता कपाटभर फ्लॉप्यांत ते दिसत होतं, दर वर्षी साधारण तीन बोटं. मी कागद घेऊन तुमच्याकडे धावत आले होते. आमच्या विषयात इतकी मोठी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडेल असं मला वाटलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "नारायणगुडा पण?"

"सगळंच."

दुसऱ्या दिवशी म्हणालात, "हिला सांगितलं. म्हणाली, एवढं सरकतंय तरी नळाला पाणी येईना."

पण त्या दिवसापासून तुम्ही रिसीव्हरला "यंत्र" म्हणायला लागलात. आधी "डबडं" म्हणायचात.

लातूरकडचा भूकंप झाला आणि आपल्याकडे धावपळ सुरू झाली. उदगीरजवळच्या आमच्या घराच्या भिंतीलाही तडा गेला होता, त्यामुळे माझ्यासाठी ते नुसतं काम नव्हतं. त्या बाजूची जमीन दबते आहे का, ताणते आहे का, हे बघायला आधीचं मोजमाप लागतं, आणि आधीचं मोजमाप म्हणजे तुमचं लेव्हलिंग. हैदराबादहून बिदरकडे गेलेली मोठी लाइन, आणि तिच्यातून एका खेड्यातल्या उघड्या कातळापर्यंत काढलेला फाटा. वीस वर्षांपूर्वी जाण्याचं तुम्ही केलेलं, परतीचं तुमच्याबरोबरच्या एका सहकाऱ्याने, जो एव्हाना हयात नव्हता. कातळावरची खूण तुम्हीच शोधून दाखवणार म्हणून तुम्ही जीपमध्ये पुढे आणि मी यंत्रासकट मागे.

शाळेमागच्या त्या कातळावर शेवाळाखाली खूण सापडली तेव्हा तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात. मी ट्रायपॉड उभा केला, वर तबकडीसारखी अँटेना बसवली. तोपर्यंत अर्धं गाव जमलं. नुकताच त्या भागात केबल टीव्ही पोचला होता.

"बाई, किती चॅनल दिसत्यात?"

"काही दिसत नाही. ही टीव्हीची नाही."

"मग एवढं वर तोंड करून काय बसलीय?"

एक म्हातारी म्हणाली, "नुस्तं दूरदर्शन असंल. सरकारी हाय न्हवं."

तुम्ही हसत होतात. मी त्यांना उपग्रह समजावत होते, कारण समजावल्याशिवाय मला राहवत नसे. आणि समजावता समजावता अँटेनाची उंची मोजत होते. खुणेपासून अँटेनापर्यंत. उपग्रह अँटेनाची जागा सांगतात, त्यातून ही उंची वजा केली की खुणेची जागा मिळते. म्हणजे सगळं आकाश एका बाजूला आणि हा मीटर-दीड मीटर एका बाजूला.

आपल्या टेपचं टोक आदल्या आठवड्यात जीपच्या दारात अडकून तुटलं होतं. म्हणून टेप दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून धरायची आणि वाचलेल्या आकड्यातून दहा वजा करायचे. त्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणाला होतात, "टेप बदला, मॅडम. उन्हात वजाबाकी विसरते."

मी म्हणाले, "एम.एस्सी.ला होती आम्हाला वजाबाकी."

टेप मी धरली, आकडा मी वाचला, लॉगशीटवर मी लिहिला. दहा वजा केले नाहीत. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर होतात. आणि तुम्ही तोंड फिरवून शाळेच्या कौलांकडे बघत होतात. दुसऱ्याचा आकडा बघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र उतरवताना तीच उंची पुन्हा मोजायची असते. तसा नियम आहे, आणि तो अशा चुकांसाठीच आहे. जीपवाला हॉर्न देत होता. ट्रायपॉड कुणी हलवलेला नव्हता, मला दिसत होतं. मी न मोजताच लॉगशीटवरचा वरचा आकडा खाली उतरवला.

यानंतरचं तुम्हाला माहीतच आहे, पण ते तुम्ही एका बाजूने पाहिलंत. सहा महिन्यांनी साहेबांच्या खोलीत आढावा होता. मोठ्या लाइनीवरच्या सगळ्या खुणांवर तुमची उंची आणि उपग्रहाची उंची यांतला फरक हळूहळू, सुरळीत बदलत गेला होता, जसा बदलायला हवा तसा. फक्त फाट्याच्या टोकाला तो एकदम दहा सेंटिमीटर उडी मारत होता. कातळ एवढा खचत नाही. राहिलं लेव्हलिंग. आणि बरोब्बर दहा सेंटिमीटर म्हणजे पट्टीवरचं एक मोठं घर चुकीचं वाचलं जाणं, लेव्हलिंगमधली सगळ्यांना ठाऊक असलेली चूक.

तुम्ही म्हणालात, "एकाने वाचला असेल चुकीचा. दोघांनी कसा?"

साहेब म्हणाले, "तेच तर. दोघांचा सारखाच चुकतो तेव्हा दुसरा माणूस गेलेलाच नसतो. परतीची लाइन झाडाखाली बसून लिहिलेली दिसते."

खोलीत पाच-सहा जण होतो. तुम्ही दोन्ही फील्डबुकांतल्या शेवटच्या आकड्यांवर बोट ठेवलंत. "साहेब, हे बघा, तीन मिलिमीटरचा फरक आहे. उतरवून काढणारा फरक कशाला ठेवेल?" साहेबांनी नुसतं स्मित केलं, जणू एवढी अक्कल उतरवून काढणाऱ्यालाही असते. फाट्याची लाइन बाजूला ठेवावी असं अहवालात आलं.

खाली कँटीनमध्ये तुम्ही माझ्यासाठी चहा सांगितलात आणि विचारलंत, "तुम्ही काय म्हणता, मॅडम?"

मी म्हणाले, "आकडे तसं दाखवतात."

तुम्ही चहा बशीत ओतून गार केलात, प्यायलात, आणि "बराबर" म्हणालात. त्या वेळी मला खरंच तसंच वाटत होतं, माणिकराव. एवढं एकच मी माझ्या बाजूने सांगू शकते. मी मुद्दाम खोटं बोलले नव्हते. मी एका यंत्रावर विश्वास ठेवला, आणि त्या यंत्राच्या पायाशी कोण बसलं होतं हे विसरले.

तुम्ही काही महिन्यांनी निवृत्त झालात. शाल, नारळ, फोटो. साहेब चांगलं बोलले. तुम्ही उत्तरादाखल फक्त "सगळ्यांचे आभार" म्हणालात. एरवी चहाच्या वेळी तुम्हाला थांबवावं लागायचं.

दोन वर्षांनी आम्ही तो कातळ पुन्हा मोजला. या वेळी टेप नवी होती. खूण दहा सेंटिमीटर वर आलेली दिसली. मी जुनी लॉगशीट काढली. मला वाटतं पान उघडायच्या आधीच मला कळलं होतं. माझ्याच अक्षरात दोन आकडे, सुरुवातीचा आणि शेवटचा, मिलिमीटरपर्यंत तंतोतंत सारखे. खरं दोनदा मोजलं तर कधीही असे येत नाहीत. एखादा तरी मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. तुमच्या वह्यांत तीन मिलिमीटरचा फरक होता, कारण दोन माणसं खरोखर चालली होती. माझ्या कागदावर फरक नव्हता. साहेबांनी तुमच्यावर ठेवला तो ठपका, झाडाखाली बसून आकडा उतरवण्याचा, अक्षरशः माझा होता.

मी दहा वजा केले. सगळं सुरळीत झालं. तुमची उंची आणि उपग्रहाची उंची त्या कातळावर एका बोटाच्या आत जुळली, बाकीच्या खुणांवर जुळत होती तशीच. पुढच्या अहवालात मी एक ओळ घातली, की अमुक ठिकाणची अँटेनाची उंची दुरुस्त केली आहे. का, कुणाची, त्यामुळे कुणाचं काय झालं होतं, काही नाही. तुमची बाजूला ठेवलेली लाइन बाजूलाच राहिली. ती परत घ्या असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि म्हणू शकणारी मी एकटी होते.

का नाही म्हणाले? मी यावर खूप विचार केला आहे आणि उत्तर साधं आहे. मला लाज वाटली. दहा वजा करायचे विसरले ही लाज नव्हे, ते कुणाचंही होतं. वडिलांनी गंजात पेढे वाटले होते. उदगीरकडच्या चार गावांत पोरींना शिकवायचं की नाही यावर वाद झाला की माझं नाव निघायचं. संस्थेत मी एकटी बाई, त्यात आडतीवरच्या नोकराची मुलगी. मला वाटायचं, मी एकदा चुकले तर माझ्यासारख्या सगळ्या चुकतील. तुमचं काय, तुमच्या घरात तीन पिढ्यांचं नाव होतं. एवढ्याशा गोष्टीने त्याला काय होतंय, असं मी मनाशी म्हणायचे. ज्याच्याकडे नाव आहे त्याचं गेलं तर चालतं, असा माझा हिशेब. वाईट हिशेब होता.

मग मी तुमच्याकडे जास्त यायला लागले. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? महिन्यातून दोनदा रविवारी. काकू म्हणायच्या, "तुझं लग्न झालं तरी तुझं माहेर इथेच." तुम्ही विचारायचात, "काय म्हणतंय तुमचं अंडं?" आणि मी नवीन काही सांगायचे. अमेरिकेने उपग्रहांच्या इशाऱ्यात मुद्दाम घातलेला गोंधळ काढून टाकला, आता साध्या यंत्रालाही आपली जागा कळते. कायम लावून ठेवलेल्या रिसीव्हरमधून दिसतंय की पावसाळ्यात पाण्याच्या वजनाने जमीन किंचित दबते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते. हे ऐकून तुम्ही हातातली सुपारी खाली ठेवली होतीत. "म्हणजे मी कोणत्या महिन्यात चाललो यावरही उंची अवलंबून?" "केसभर." "तरीच," तुम्ही म्हणालात, आणि खूप वेळ खुश होतात. जणू आयुष्यभराच्या एखाद्या मिलिमीटरचा हिशेब लागला.

तुम्ही त्या फाट्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाहीत. एकदाही. मला अनेकदा वाटायचं, आज विचारतील, विचारलं तर सांगून टाकीन. विचारण्याची जबाबदारी मी तुमच्यावर टाकली होती.

या उन्हाळ्यात, दवाखान्यातून घरी आणल्यावर, मी तुम्हाला त्या जुळ्या उपग्रहांचं सांगितलं. एकामागे एक धावतात. खाली जमिनीत वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी ओढला जातो, दोघांतलं अंतर किंचित बदलतं, आणि ते अंतर मोजून सगळ्या पृथ्वीच्या ओढीचा नकाशा होतो. जमिनीखालचं पाणी वाढलं-घटलं तरी त्यांना जाणवेल अशी आशा आहे. तुम्ही उशीवर डोकं ठेवून डोळे मिटून ऐकत होतात. मला वाटलं झोपलात.

मग म्हणालात, "म्हणजे पाण्याला जे कळतं तेच मोजायला लागले?"

"हो."

"आले शेवटी रस्त्यावर." थोड्या वेळाने म्हणालात, "पायी आले असते तर लवकर पोचले असते."

मी हसले. त्या दिवशी सांगायला हवं होतं. तुम्ही खुशीत होतात, काकू आत होत्या, मला घरी जायची घाई नव्हती. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि येते म्हणाले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी नारायणगुड्याला गेले. काकू आणि श्रीकांत दोघं होते. सगळं सांगितलं, टेपपासून लॉगशीटपर्यंत. श्रीकांतला आकडे लगेच समजले, तो सॉफ्टवेअरवाला. त्याने विचारलं, "सहा वर्षं?" मी हो म्हटलं. तो उठून गॅलरीत गेला.

काकू म्हणाल्या, "त्या मीटिंगच्या दिवशी ते जेवले नाहीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, ऊन लागलं. मीटिंग खोलीत होती, हे मला तेव्हा कुठं माहीत होतं."

मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं."

"मला काय सांगतेस? मला ते सेंटिमीटर कळत नाहीत. ज्यांच्यासमोर त्यांना खोटं पाडलं त्यांना सांग. आणि माझ्याकडून माफी घेऊन जाऊ नकोस. ती द्यायची माझी नाही."

त्यांनी चहा विचारला नाही. त्या घरात मला चहा न विचारण्याची ती पहिली वेळ.

मंगळवारी आमच्या बैठकीत मी उभी राहिले. साहेब आता सल्लागार म्हणून येतात, तेही होते. मागे श्रीकांत होता, मी त्याला बोलावलं होतं. मी जुनी लॉगशीट पडद्यावर लावली आणि काय झालं ते पाच मिनिटांत सांगितलं. सांगायला पाचच मिनिटं लागली. माझी वरच्या पदासाठीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

साहेब म्हणाले, "इतकं जुनं आहे, आता कशाला? दुरुस्ती तर तुम्ही केलीच होती."

मी म्हणाले, "खुणेची केली होती, साहेब. माणसाची नाही. तुम्ही त्यांना खोटं म्हणालात, आणि मी आकडे तसं दाखवतात म्हणाले."

मग किरणने लॅपटॉप पुढे ओढला आणि विचारलं, "मॅडम, मग लेव्हलिंगची मूळ किंमत परत घालू?"

"घाल."

त्याने घातली. मीटरनंतर चार आकडे. निरीक्षकांच्या रकान्यात तुमचं नाव, परतीच्या निरीक्षकाच्या रकान्यात तुमच्या सहकाऱ्याचं, दोघंही. मग तो माझ्या जुन्या नोंदीवर आला. "रद्द करण्याचं कारण काय लिहू?"

"मोजणाऱ्याने दहा वजा केले नाहीत आणि दुसऱ्यांदा मोजलं नाही."

"मोजणारा? आद्याक्षरं टाकू?"

मी म्हणाले, पूर्ण टाक. आणि सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. पदवीच्या कागदावर आहे तसं.

श्रीकांत जाताना माझ्याशी बोलला नाही, पण त्याने त्या पानाची प्रिंट मागून घेतली. काकूंना दाखवली असेल. त्याला तीन दिवस झाले. काकूंचा फोन आलेला नाही. रविवार परवा आहे. मी जाणार नाही, त्यांनी बोलावल्याशिवाय जाण्याचा हक्क मला नाही. तुमच्यासाठी एवढंच उशिरा का होईना करता आलं. त्यांच्यासाठी काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, माणिकराव.